तासातली वीस मिनिटं

पिको बेटावर, बंदरामागच्या खोलीत
जिथे पूर्वी चरबी उकळायची आणि भिंतींना अजून वास आहे,
दिओलिंदा पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडते:
सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा कान टवकारायचा,
दर वेळी दोन बाइट.
सेकंदाला शहाण्णव हजार,
तासाला चौतीस कोटी छप्पन्न लाख,
दिवसाला आठ जीबी आणि वर चिल्लर.

कार्डावर छापलंय एकशे अठ्ठावीस.
कॉम्प्युटर म्हणतो, एकशे एकोणीस.
दाराला टेकलेला सेराफीम लगेच म्हणतो,
दुकानदारानं काटा मारला.
नाही, ती सांगते, कुणी काही खाल्लं नाही.
विकणारा हजारानं मोजतो, यंत्र एक हजार चोवीसनं.
धान्य तेच, मापं दोन.
तो मान हलवतो, पटल्यासारखी नाही.
मापात पाप नसताना नऊ कमी कसे,
हे त्याला या वयात शिकायचं नाहीये.

पंधरा दिवस. कसाही भागाकार करा, पंधराच.
आणि जानेवारीतला इथला समुद्र
चाळीस चाळीस दिवस होडीला उभं करत नाही.
माइक, दोरखंड, दगड, बॅटऱ्या तयार.
मोठं कार्ड लिस्बनहून निघालंय,
असं आम्ही तीन आठवडे ऐकतोय.

नमुने निम्मे घेऊ? ती स्वतःलाच विचारते.
मग त्यांच्या टकटकीची वरची धार जाईल,
टेबलावर बोट वाजवल्यासारखं काहीतरी उरेल.
दाबून लहान करू?
दाबताना पहिलं मरतं ते बारीक, आणि आपल्याला बारीकच हवंय.
शेवटी लिहिते:
तासातली वीस मिनिटं ऐकायचं, चाळीस बहिरं राहायचं.
पंधरा त्रिक पंचेचाळीस.
बसलं.

पण कुठली वीस?

सेराफीमला विचारते. एकोणतीस वर्षं तो
टेकडीवरच्या झोपडीत, फटीएवढ्या खिडकीशी
दुर्बीण लावून बसलेला. पाण्याचा फवारा दिसला
की बाण उडवायचा, आणि गाव हातातला घास टाकून
होड्यांकडे पळायचं.
कुठलीही घे, तो म्हणतो.
मी सूप प्यायला वाकलो की यायचे ते.

मग कोटातून वही काढतो.
तारीख, दिशा, किती. बस, एवढंच.
सवयीनं तिची पेन्सिल चालू लागते:
दोन हजार ओळी, ओळीला चाळीस अक्षरं,
अक्षराला एक बाइट (टोपीवाल्या अक्षरांना दोन, ते सोडून दिलं).
ऐंशी हजार.
पेन्सिल थांबते.
माणसाला तोंडावर कसं सांगावं, की तुझी एकोणतीस वर्षं
समुद्राच्या एका सेकंदात मावतात
आणि वर सोळा हजारांची जागा उरते.

सांगते.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघतो, जुन्या सवयीनं.
मग टाक की तुझ्या कार्डावर, म्हणतो,
एका सेकंदाचाच तर प्रश्न आहे.

तीन रात्री आम्ही ती वही टंकली. मी पाहुणा,
केबल गुंडाळायला आलेला; ओळी वाचून दाखवायचो.
बालेया, बालेया, बालेया. त्याच्या लिपीत सहा बाइट.
माझा देवमासा एकवीस खातो,
हे मी कुणाला बोललो नाही.

त्रेचाळिसाव्या दिवशी होडी गेली. कार्ड वर आलं,
शेवाळलेल्या डब्यात, कोरडं.
एकोणिसाव्या रात्रीची फाइल:
पाणी, पाणी, दूरचं जहाज, पाणी,
आणि एकोणीस मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांवर
टक्.
टक् टक्.

पुढच्या फाइलीत चाळीस मिनिटांनंतरचं पाणी.

दिओलिंदा कागदावर वेळ लिहिते, खाली दोनदा रेघ ओढते.
सेराफीम हेडफोन काढत नाही.
वाकलीस ना सूपला, म्हणतो.