बंगला नंबर सतरा

भुसावळात सत्तेचाळीस अंश,
आणि आमच्या हॉलच्या भिंतीत शेकोटी.
कुण्या साहेबानं तिकडचा नकाशा
जसाच्या तसा उभा केला इथं,
उन्हाला विचारलंच नाही.

वरच्या धुराड्यातून धूर कधी निघाला नाही,
पारव्यांची बाळंतपणं तेवढी झाली.
ड्रायव्हर रिबेलोची बायको
शेकोटीत लोणच्याच्या बरण्या ठेवायची.
मग तायडे फिटर आले, त्यांनी देव मांडले.
मी बूट.

आज इंजिनिअरिंगचा माणूस आला,
ओट्यालगत लाल रंगात लिहून गेला :
कंडम.
रंग ओला होता तोवर
यार्डात मालगाडी हलली,
खिडकीच्या काचा रोजच्यासारख्या थरथरल्या.

बायको म्हणाली, बूट तरी काढा तिथले.
काढले.
कोपरापर्यंत हात आत घातला –
विटा गार होत्या.