उतार

मिरजेच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं
मी गटारांचा उतार मोजला.
बायकांना साड्यांचे काठ लक्षात राहतात,
मला गल्ल्या आठवतात त्या अशा:
कुठे शंभराला एक, कुठे दीडशेला एक,
आणि एका बोळात तर
पाणी चढ चढून जाईल
असा कंत्राटदाराचा भाबडा विश्वास.

आता मुलाकडे, स्ट्रॉमनेसला.
भरती-ओहोटीतून वीज काढायच्या खटपटीत असतो हेरंब,
आणि मी खिडकीत. ऑर्कनीत झाडं कमी,
जी आहेत ती वाऱ्याला मुजरा करून वाकलेली.

रविवारी म्हणाला, "चल, तुझ्या खात्याचं गाव दाखवतो."
स्कारा ब्रे. समुद्राला खेटून, गवताच्या कुशीत
पाच हजार वर्षांपूर्वीची मूठभर घरं.
वरून बघायची. आत उतरायचं नाही.

लाकूड नाही, म्हणून दगडाचे पलंग.
दगडाचं फडताळ, नेमकं दारासमोर,
म्हणजे आल्या-गेल्याला पहिलं काय दिसावं
याचा विचार तेव्हाही होताच.
जमिनीत चौकोनी पेट्या, सांधे चिकणमातीनं लिंपलेले.
आमचे हुसेनसाब गवंडी म्हणायचे,
"सांधा म्हणजे शब्द, बाई. सुटला की संपलं."
त्यांना हे दाखवायला हवं होतं.

आणि भिंती?
शिंपले, हाडं, राख, शेण: गावाचा सगळा केर
आधी साठवला, कुजू दिला,
मग त्यातच घरं रोवली.
वाऱ्याला शिरायला फटच नाही.
उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी फिटतात म्हणतात,
यांनी बहुतेक तेवढी वाट पाहिली.
आमचा डेपो, ज्याच्यासाठी मी सतरा बैठका केल्या,
अजून दर उन्हाळ्यात पेटतो.

तिथली राखणदार थोरा फ्लेट,
केस वाऱ्याच्या तावडीत, हात कोटाच्या खिशात.
एका फटीकडे हनुवटी करून म्हणाली, "पीडी ड्रेन."
मी ऐकलं, पिढी.
पिढ्यांचं गटार! मी गंभीरपणे मान डोलावली.
हेरंब नंतर हसत सुटला:
पीडी म्हणजे इथल्या बोलीत चिमुकलं.
असू दे. माझं ऐकणं मी बदललेलं नाही.

घरांच्या पोटाखालून जाणारं ते गटार,
दगडानं बांधलेलं, काही ठिकाणी आतून झाडाच्या सालीचं अस्तर.
जिथे झाडांची वानवा, तिथे साल!
कदाचित वाहत आलेल्या ओंडक्याची,
कुणीतरी सोलून, भिजवून, दाबून बसवलेली.

मी थोराला विचारलं, "उतार किती?"
ती थांबली. एकोणीस वर्षांत
देव विचारले लोकांनी, मरण विचारलं,
गाव सोडून गेले का, ते तर रोज.
उतार कुणी विचारला नव्हता.
मग मीच छत्री कठड्यावर आडवी धरली,
एक डोळा मिटला.
शंभराला एक. जरा जास्तच. माझा अंदाज.

परतताना गाडीत मात्र दुसरंच डोक्यात.
गटार घराच्या खाली आहे
म्हणजे ते घराच्या आधीचं.
म्हणजे भिंत उभी राहण्यापूर्वी
कुणीतरी हात वर करून म्हणालं असणार,
थांबा. आधी पाणी जाणार कुठून ते ठरवू.
बाईच असणार ती, मी पैज लावते.
आणि पुरुषांपैकी कुणीतरी हसून म्हणाला असणार,
"घराचा पत्ता नाही, आणि हिला सांडपाण्याची पडलीय."
हे वाक्य मी स्थायी समितीत
जसंच्या तसं ऐकलंय. दोनदा.

रात्री तांदूळ धुतले.
धुवण सिंकमधून खाली गेलं, मी तशीच उभी.
"काय ऐकतेस, आई?"
"जातंय," म्हटलं.