समाधानकारक

बुखारेस्टच्या तारघरात त्या मंगळवारी
खिडक्यांना ओल्या चादरी टांगल्या होत्या.
मी स्मरांडा. तिसरं टेबल, निशची लाइन.

व्हिएन्नाहून निघालेली ती तार
सरळ वाट तुटल्यामुळे
वळसा घालून माझ्या हाती आली,
दोन घरांचं भांडण मिटेना म्हणून
निरोप तिसरीच्या दारातून यावा तशी.

साधी तार होती. सांकेतिक आकडे नाहीत,
तातडीचा शिक्का नाही.
भाषा फ्रेंच, नन्सनी शिकवलेली,
जिच्यात मला फक्त आभार मानता यायचे
आणि हवामानाविषयी बोलता यायचं.

अर्थ वाचायचा नाही, असा नियम.
शब्द मोजा, दर लावा, पुढे ठोका.
पण बोटं चोंबडी असतात.

महिनाभर काय काय गेलं होतं या बोटांखालून!
सारायेव्होच्या मयतावर लांबच लांब शोक,
मग हॉटेलांतल्या खोल्या,
समुद्राकडे तोंड असलेल्या,
मंत्र्यांच्या बायकांचे मुक्काम,
एका राजदूताच्या कुत्र्याचं औषध.
जग सुटीवर आहे असंच वाटायचं.
पुढे कळलं, शिपायांनाही रजा होती सुगीची,
आणि कोणी तरी बसून ठरवलं होतं
की गहू घरात आल्यावर रागवायचं.
पाहुण्या राष्ट्राध्यक्षाचं जहाज
रशियाच्या धक्क्यावरून सुटेपर्यंत
खलिता टेबलाच्या खणात थांबला.
मग अठ्ठेचाळीस तास.
उत्तर वेळेत गेलं. जवळजवळ सगळं कबूल.

त्या 'जवळजवळ'मध्ये
केवढं तरी पाणी मुरत होतं.

निशच्या टोकाला जो बसायचा
त्याचं नाव मला माहीत नव्हतं. सही नुसती 'व'.
हात मात्र ओळखीचा:
टिंब तुटक, रेघ जराशी लांबवलेली,
जेवून उठलेल्या माणसासारखी.
रात्री लाइन मोकळी असली की
नियम मोडून विचारायचा इकडचं तिकडचं.
सोमवारी विचारलं होतं,
आलुबुखार आले का तुमच्याकडे?
माझी पाळी संपत होती. उत्तर राहून गेलं.

मी ठोकत गेले.
सर्बियाच्या शाही सरकारने, वगैरे,
अमुक तारखेच्या खलित्याला, वगैरे,
हक्क, हितसंबंध, शस्त्रबळ,
आणि शेवटी, या क्षणापासून, युद्ध.
एकही शब्द मोठ्याने बोललेला नाही.
सगळं इस्त्री केलेलं.

पलीकडे शांतता.
पंखाला मुंगी लागावी तशी सुई थरथरली.
मग त्याचा हात, या वेळी रेघा आखूड:
अकरावा शब्द पुन्हा.

युद्ध त्याला स्वच्छ पोचलं होतं.
तो अडला होता 'समाधानकारक'वर.
सरकारने उत्तर दिलं,
पण समाधानकारक रीतीने नाही,
त्या जागी लाइनवर खरखर झाली असावी.

मी पुन्हा पाठवला. अक्षर अक्षर सुटं करून,
लहान मुलाला घास भरवावा तसा.

'मिळाली,' त्याने कळवलं. 'व.'

वहीत नोंद केली.
चुकीने गळलेला शब्द दुसऱ्यांदा पाठवला
तर त्याचे पैसे धरत नाहीत.
पर्यवेक्षक द्राग्हिचेस्कूंनी चष्मा पुसला,
बेरीज पाहिली, सही केली
आणि थंड पाणी मागवलं.

संध्याकाळी बाजारात आलुबुखार होते,
हंगामातले पहिले.
अर्धा किलो घेतले. आंबट निघाले.
लाइन रात्री आठला बंद झाली होती,
नाही तर सांगितलं असतं.