साडेआठची गोळी

साडेआठला अर्धी, उरलेली अर्धी बाराला.
अडकित्त्यावर तोडतो. चुरा पडतो
तो बोटानं टिपून तिच्याच जिभेवर ठेवतो.

तोवर ती दगड असते.
खाटेच्या काठावर बसवली तशीच,
पाय फरशीला चिकटलेले,
नजर माझ्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर.
सव्वानऊच्या सुमारास
डावा खांदा काहीतरी आठवल्यासारखा उचलतो,
मान त्याच्यामागे जाते, मानेमागे कंबर,
आणि केवळबाई उठते, ओट्यापर्यंत जाते
स्वतःच्या पायांनी,
सबंध अंगानं डोलत, वळत, पिळत.

एकतीस वर्षं दोंडाईचा-शहादा केली मी.
खच्चून भरलेल्या गाडीत दांडीला हात न लावता
तिकिटं फाडली, सुटे मोजले.
गुडघे जरा सैल ठेवायचे, एवढीच विद्या.
पहिल्यांदा वाटलं, ही तेच करतेय.
पण गाडी उभी आहे.
फडताळातली भांडी गप्प आहेत.
वळणं तेवढी तिच्या अंगात.

पूर्वी बांगड्यांवरून कळायचं.
मी गच्चीवर मिरच्या पालथ्या करत असलो तरी
खाली किणकिण सुरू झाली की समजायचं, लागू पडली.
मग एक फुटली, मनगटात शिरली.
साबण लावून मीच उतरवल्या. हिरव्या. अकरा.
आता दर पाच मिनिटांनी जिना उतरावा लागतो.

श्रावणात धुडकूची सून
कानबाईच्या जागरणाचं बोलावणं घेऊन आली.
दहा वाजले होते, ऐन भर.
तिनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या,
पदर डोक्यावर घेतला,
आणि फरशीला कपाळ टेकून म्हणाली,
"माय, मना पोऱ्याले नोकरी कव्हय लागी?"
मी पुढे झालो. सांगणार होतो,
अंगात वगैरे काही नाही, औषध आहे हे.
केवळबाईनं मला हात केला,
की हात आपोआपच झाला, कोण जाणे,
आणि डोलता डोलता म्हणाली,
"गोळी उतरू दे वं, मंग सांगसू."
हसली. अशी हसली की कुंकवाचं बोट
कपाळ सोडून गालभर फिरलं.
सूनही हसली, थोडी उशिरा.
मी खिडकी लावून घेतली.

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले,
वाढवली तर हलतील, कमी केली तर आखडतील.
मधली जागा अरुंद आहे, काका,
आणि दिवसेंदिवस होतच जाणार.
कुठं थांबायचं ते तुम्ही दोघं ठरवा.
"कमी करा," मी म्हणालो,
तिच्याकडे न बघता.

परतीच्या गाडीत, पुढच्या सीटची दांडी धरून,
तिनं विचारलं, "तुमले लाज वाटस का मनी?"
सोनगीर गेलं, चिमठाणे गेलं,
मला सुटे सापडेनात.
"हालू द्या," ती म्हणाली.
"कडक व्हयनी म्हणजे
मुतालेबी तुमनी वाट दखनी पडस."
पुढच्या सीटवरचा पोरगा मागं वळला.
मी त्याला बघू दिलं.

आता साडेआठची अख्खी देतो.

रात्री सगळं उतरतं.
उरतो फक्त अंगठा, तर्जनीवर घासत,
नोटा मोजल्यासारखा.
मी तळवा खाली धरतो.
किती भरले, विचारतो.
"तुमनाच हिशेब चुकाडतस तुम्ही," म्हणते, पुटपुटत.

झोप लागली की अंगठाही थांबतो.
अंधारात अगदी शांत पडलेली असते ती,
मला हवी होती तशी.
तेव्हा मीच तिला हळूच
हलवून बघतो.