माइकची उंची

वैशाखातली रात्र, तोंडवळीचं सुरूचं बन.
माझं काम एवढंच: माणूस बदलला की
स्टँडचा स्क्रू सैल करायचा.

धाकू कोकरेच्या गजावाल्यांनी
झग्यांच्या वाऱ्यानंच माइक पाडला.
गुहागरच्या जाखडीला जमिनीलगत लावला,
पोरांच्या एकेकाच पायात चाळ,
ती ऐकू यायला हवी.

खैरूनचाचीसाठी मांडीपर्यंत खाली.
म्हणाली, हळदीचं गाणं आहे रे,
एवढ्या परक्यांत नवरी लाजेल.
नवरी नव्हतीच कुठे.
तरी मी आवाज कमी केला.

लवू, दशावतारातली द्रौपदी,
जनरेटरमागे विडी संपवून आला,
पदर सारखा केला
आणि माइक उचलून माझ्याच हातात दिला.

बुधाजी ठाकराच्या तिसऱ्या चित्राला लाइट गेली.
जनरेटरात डिझेल नव्हतं.
कुणी कंदील आणला,
लोक चटया ओढत पुढे सरकले.
कागदातली सीता पिवळी होऊन हलू लागली.
गोष्ट संपली तरी कुणी उठेना.
मग मागून, अंधारात,
चाचीनं हळद पुन्हा धरली.
पूर्ण गळ्यानं.

लाइट आली तसा स्पीकर खरखरला.
"बंद कर रे मेल्या ता!"
केला.

भाडं मात्र पूर्ण रात्रीचं लावलं.