दोन पाटे कमी

अंबड चौफुलीच्या अलीकडे, भंगारच्या लायनीत
खय्यूम कमानवाल्याचं दुकान.
दुकान म्हणजे एक भट्टी, एक ऐरण
आणि तुटक्या पाट्यांचा ढीग,
कुठल्या कुठल्या ट्रकांच्या बरगड्या.

पिकअपच्या मागच्या बंपरवर त्यानं पाय दिला,
अंगाचा सगळा भार टाकून दाबलं.
गाडी हलली नाही.
"दीड टनाची आहे बाई, हलकी असली की उडणारच.
भरता काय?"
"माश्या," मी म्हणलं.
पान थुंकायला निघालेला खय्यूम
न थुंकताच परत आला.

मग सांगितलं सगळं.
तीस पेट्या. बियाण्याच्या कांद्यावर ठेवायच्या,
परतूरकडं, मंठ्याकडं, जिथं गोंडे फुलतील तिथं.
न्यायच्या रात्री, दारं लावून.
रस्ता आपटला की आतल्या चौकटी आपटतात,
पोळं तुटतं, एखादी राणी चेंगरते,
आणि सकाळी दार उघडलं की
पहिला हिशोब माझ्या कानाच्या पाळीशी.

तो हसला नाही. ते मला आवडलं.
यू-बोल्ट खोलले, गंजलेले, किरकिरत सुटले.
पाटे जमिनीवर मांडले थोरल्यापासून धाकट्यापर्यंत,
लग्नाच्या फोटोला भाऊ उभे करावेत तसे,
आणि एकेकाला हातोडीची टिचकी मारून ऐकत बसला.
"हा बहिरा झालाय."
"आणि हा खालचा,
दीड टनाशिवाय कुणाशी बोलतच नाही. काढा."

दोन काढले.
उरलेले भट्टीत लाल केले, नवी कमान दिली,
तेलात विझवले. मधे ग्रीस.
रबराचे नवे बुश, शॉकअप दोन इंच लांब.
बन्सी गायकेनं टायर चढवले, रुंद, खोल नक्षीचे.
वळताना मडगार्डला घासले,
तर ग्राइंडर आणून त्यानं मडगार्डचाच कान कापला.

अडतीस हजार.
घरी आकडा सांगितला तेव्हा
आमचे हे एवढंच बोलले,
"मला अजून जुनीच गादी आहे."

ट्रायलला खय्यूमनं काचेचा ग्लास भरून डॅशबोर्डवर ठेवला.
कुंडलिकेच्या पुलापर्यंत जाऊन आलो.
स्पीडब्रेकरवर पाणी काठाशी आलं,
थोडा विचार केला,
आणि खाली बसलं.
"डांबरावर हवा चाळीस, रानात पंचवीस.
वर आल्यावर भरायची. विसरलात तर रिम टायर खाईल."

होळीच्या आधी अवकाळी झाली.
त्याच रात्री दुधना ओलांडली, डांबर संपलं.
उतरून काडीनं व्हॉल्व्ह दाबले,
अंधारात चारी चाकांनी सुस्कारे सोडले
आणि म्हशी पाण्यात बसाव्यात तशी पसरली.

पाच मिनिटं. फार तर सात.
मग काळ्या रेगडीनं नक्षीच खाल्ली,
अडतीस हजारांची गुळाची ढेप झाली.
ॲक्सिलेटर दाबला असता तर गोळे उडाले असते,
टायर मोकळे झाले असते,
पण मागं पेट्यांनी आवाज बदलला होता.
वर चढत होता.

इंजिन बंद केलं.
शेतमालकाची पोर वैजंता बॅटरी घेऊन आली, येताना खुरपं घेऊन आली.
तिनं उजेड धरला, मी नक्षी कोरली,
एकेक खाच, चार चाकं,
सीटला लावलेलं पोतं गुडघ्याखाली.
बॅटरीचा उजेड पिवळा पडत गेला.
मधेच ती म्हणाली, "मावशी, झोपल्या वाटतं."
खरंच. आवाज खाली आला होता,
दळणाच्या जात्यासारखा, एका पट्टीत.

मग पहिल्या गिअरात, माणूस चालेल त्या चालीनं.
उरलेल्या पाट्यांवर गाडी डुलत गेली,
बांधापर्यंत.

सकाळी दारं उघडली.
पांढऱ्या गोंड्यांवर पहिल्या चारपाच गेल्या,
एक त्या कापलेल्या मडगार्डावर उगाच बसून राहिली.

खय्यूमचा फोन.
"माश्या?"
"कामाला लागल्या."
"आणि कंबर?"

कंबरेचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.