आऊत

एका अंगाला उतार, दुसरं पाटासारखं सपाट:
बाबलकाका तोडणकराचं आऊत.
आचऱ्याच्या खाडीकाठी, माडावर चढण्याआधी
शिवणीच्या फळीवर गारगोटीची पूड भुरभुरून
तो उतार घासायचा. फक्त उतार.
मग हाक: "तुझी बोटां बारीक. बघ, केस इलो?"

मी सपाट अंगावरून नख ओढायचे कडेकडे
आणि तिथे काहीतरी अडायचं.
दिसत नाही. तारलीच्या पोटाखाली
बोट अडतं, तसं.

"इलो म्हंजे धार पोचली.
रवलो म्हंजे पोय चिरडली,
आणि चिरडलेली पोय गळणा नाय."

मग आऊत उलटं, पाठ पुरती टेकलेली,
झोपलेल्या पोराच्या अंगावरची माशी हाकलावी
एवढ्याच हाताने, दोनदा.
तिसऱ्यांदा नाही.
शेवटी आपल्याच टाचेवर पुसायचं, की झालं.

यंदा तो चढला नाही. गुडघे.
आऊत माझ्याकडे; मी त्याने आंबाडे चिरते.
काल धार लावली, नख फिरवलं,
काहीच अडलं नाही.
केस निघाला, की आलाच नव्हता?

खळ्यात खुर्चीवर डोळे मिटून
तो फळीचा आवाज ऐकत होता.
"परत," म्हणाला.